मुकादमाच्या दारचा तारा

देवमन पारधे यांच्या दारातला नाताळचा तारा चोवीस डिसेंबरला संध्याकाळी खाली उतरला. कुणी दगड मारून पाडला नाही, कुणी दोर कापला नाही. देवमननंच बांबूची गाठ सोडली आणि तारा आपल्या हातानं खाली घेतला. बघायला निम्मं गाव होतं.

तर असं काही झालेलं नाही. गावात कुणालाही विचारा. पोलीस पाटील जानराव सांगतील, त्या दिवशी गावात संपूर्ण शांतता होती आणि तारा नावाची वस्तू आपल्या हद्दीत नव्हतीच. तेव्हा ते आपणही विसरू आणि संत्र्याच्या तोडीपासून सुरुवात करू. तोड नक्की झाली. तिचे ओरखडे लोकांच्या हातांवर अजून आहेत.

आमचं गाव शेंदूरजनाघाटच्या वाटेवर. खुशालराव इथले संत्र्याचे व्यापारी. बगीच्यांतली फळं झाडावर असतानाच विकत घेतात आणि त्यांची तोड देवमन करतो. तो मुकादम. मुकादमानं तोडणाऱ्या मजुरांची टोळी जमवायची, शिडी कुठल्या फांदीला लावायची ते सांगायचं, आणि व्यापाऱ्याची शिवी टोळीपर्यंत पोचवताना वाटेत अर्धी करायची. टोळी मेळघाटाकडची. नाल्यापलीकडं पालं टाकून राहते. तिथं मोबाईलला रेंज नाही. म्हणून जुनी पद्धत चालू आहे: उद्या तोड असली की देवमन संध्याकाळी दारातल्या उंच बांबूवर बल्ब लावतो. दिवा दिसला की टोळी पहाटे टोपल्या घेऊन हजर. दिवा नसला तर कुणी कूस बदलत नाही. दिवा दिसूनही काम नाही असं एकदाही झालं नव्हतं. त्या दिव्याला गावात बँकेपेक्षा जास्त पत होती.

पारध्यांचं घर गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. देवमनच्या आजानं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून नाताळ घरातल्या घरात होता. तारा व्हायचा, पण तो मागच्या खोलीत, कणगीच्या वर, खिडकी लावून. येशूच्या जन्माचा तारा बघत उंटावरून निघालेले ज्ञानी लोक इथं आलेच असते तर त्यांना कणगीपर्यंत यावं लागलं असतं. गाणी म्हणायची ती पोटातल्या पोटात. करंज्या, चकल्या, अनारसे मात्र उघड. ताटं झाकून साऱ्या गावात जायची. गाव ती चवीनं खायचं आणि कोणत्या सणाची आहेत हे विचारायचं नाही.

उन्हाळ्यात देवमनच्या मुलाचं, ललितचं लग्न झालं आणि घरात माधवी आली. ती अकोल्याची. तिनं टेकूच्या बांबूच्या कामट्या काढल्या, तारा बांधला, त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि सासऱ्यापुढं उभी राहिली.

“मामाजी, तारा झाला. कुठी लावू?”

“जिथं लावतो तिथंच. कणगीवर.”

“कणगीले काय दाखवून राहिले?”

ललितला हसू आलं. बापाकडं बघून त्यानं ते गिळलं.

“आमच्या अकोल्यात आमी जठारपेठेतून ढोलकी वाजवत जातो,” माधवी म्हणाली. “गाणी म्हणतो. दुकानवाले थांबवून चहा पाजतात.”

“ते अकोला आहे बाई. तिथं कोणी कोणाले ओळखत नाई. इथं साऱ्यायले सारं माहीत आहे.”

“माहीत आहे तं मंग लपवता काहून?”

देवमननं बायकोकडं पाहिलं. केशरबाई करंजीची कड दाबत होती.

“मले कायले पायता?” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आली तवा हेच इचारलं होतं. तुमच्या बापानं मले कणगी दाखवली.”

देवमन बराच वेळ तारा हातात फिरवत बसला. मग उठला, बाहेर गेला आणि तारा दारातल्या बांबूवर चढवला. बांबू एकच होता. वायर तिथपर्यंत गेलेली होती आणि बल्बही तोच होता. त्याच्या मनात बापाकडून आलेलं भय एवढं दाटलं होतं की धंद्याचं भय शिरायला जागा उरली नव्हती. दिवा लागला. पांढऱ्या कागदातून उजेड अंगणात पडला, तिथून रस्त्यावर गेला, आणि तिथून, कुणाच्या लक्षात आलं नाही पण, नाल्यापलीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी तोड नव्हती. ट्रक यायचा नव्हता. पहाटे थंडीत देवमन तोंड धूत होता, तर दारात टोळी उभी. पुढं जयवंताबाई. टोळीत तिचाच शब्द चालतो. डोक्यावर टोपली, अंगावर पोत्याची घोंगडी.

“मुकादम, कोणता बगीचा?”

“आज तोड नाई.”

“दिवा तं लागला.”

“दिवा नाई तो. तारा आहे. आमचा सण हाये.”

“लागला का नाई?”

“लागला.”

“मंग?”

आणि हे बोलणं चाललं होतं तोवर अर्धी टोळी नाल्याकडच्या बगीच्यात शिरलीही होती. रोजची सवय. शिड्या लागल्या, फांद्या वाकल्या, संत्री टोपल्यांत पडायला लागली. खुशालराव कानटोपी आणि लुंगीवर धावत आले तेव्हा झाडाखाली ढीग झाला होता. न्यायला ट्रक नाही आणि ढिगावर दव पडतंय.

“कोनं सांगतलं रे तोडाले?”

“ताऱ्यानं,” जयवंताबाई म्हणाली.

खुशालरावांनी आयुष्यात व्यापाऱ्यांशी, दलालांशी आणि गारपिटीशी भांडण केलं होतं. ताऱ्याशी कसं भांडायचं ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणून ते देवमनशी भांडले. टोळीसमोर, त्याच्या बायकोसमोर, सुनेसमोर. देवमन खाली मान घालून दवानं भिजलेलं एकेक संत्रं पुसून कॅरेटमध्ये ठेवत राहिला. सालीचा रस ओरखड्यांत जाऊन हात चरचरत होते. केशरबाई शेजारी बसून निवड करायला लागली.

संध्याकाळी मोटरसायकली आल्या. गावातली पोरं होती. पुढं स्वानंद. वकिलांचा मुलगा, अमरावतीला कायद्याच्या पहिल्या वर्षाला, सुटीत गावी आलेला. लहानपणी करंजीतलं सारण खाऊन पारी केशरबाईला परत नेऊन द्यायचा, हा तोच. पोरांनी गाड्यांचे दिवे घराच्या भिंतीवर सोडले आणि इंजिनं चालूच ठेवली.

“देवमनकाका, हे मजुरांना आमिष दाखवणं आहे,” स्वानंद म्हणाला. “दिवा दाखवून अडाणी लोकांना गोळा करायचं आणि मग धर्म सांगायचा. याला कलम आहे.”

“कोणतं?” माधवीनं विचारलं.

“ते दुसऱ्या वर्षाला आहे.”

कुणी हसलं नाही. एका पोरानं बांबू धरून गदागदा हलवला. वर तारा लटलटला, अंगणभर उजेड धावला. माधवीनं दोन्ही हातांनी बांबूचा बुंधा धरला. पोरगं हलवायचं, ती धरून ठेवायची. दोघांच्यात फक्त बांबू होता. ललित पुढं झाला, तसे तिघेचौघे गाडीवरून उतरले.

तेवढ्यात जानराव आले. धोतरावर कोट, हातात बॅटरी. पोलीस पाटलाच्या अंगात जेवढं बळ असतं तेवढं त्या बॅटरीत होतं. त्यांनी झोत ताऱ्यावर टाकला, मग देवमनच्या तोंडावर.

“देवमन, हे काय आहे?”

साऱ्या गावाला माहीत होतं ते काय आहे. जानरावांनाही माहीत होतं.

“दिवा आहे, पाटील,” देवमन म्हणाला. “आकाशकंदील. दिवाळीचा राहून गेला होता.”

मागं खुराड्यात नाताळासाठी राखलेला कोंबडा आरवला.

येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा चेला पेत्र शेकोटीपाशी तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला आणि पेत्र रडला. पारध्यांच्या घरात ही गोष्ट पोरांना झोपवताना सांगतात. केशरबाईनं खुराड्याकडं पाहिलं.

“पुस्तकातला तीनदा झाल्यावर आरवला होता,” ती म्हणाली. “याले धीर नाई.”

पोरं गेली. जाताना सांगून गेली की उद्या पुन्हा कंदील दिसला तर बांबूसकट नेऊ.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी देवमनला शेडमध्ये बोलावलं. रात्री विचार करून त्यांचा राग उतरला होता आणि त्या जागी कल्पना आली होती. पेट्यांवर छाप मारायचा पत्रा त्यांनी पुढं सरकवला. त्यात अक्षरं कापलेली: खुशालराव संत्रा भांडार.

“हे मार ताऱ्यावर.”

“मालक?”

“अरे, जाहिरातीले कोणी काही म्हणते का? चौकात दाढीच्या साबणाची बाई लावली आहे एवढी मोठी. तिले कोणी इचारलं का, तू कोणत्या धर्माची? मार छाप. तारा राहते, तुहा सणही होते, माहं नावही होते.”

“आणि नाई मारला तं?”

“तं माहा भाचा रिकामाच आहे. मुकादमी शिकते तो. तू टोळीत तोडाले ये.”

हे खुशालराव प्रेमानं बोलले. संध्याकाळी घरी बोलणं झालं. बोलणं म्हणजे ललित बोलला.

“बाबा, नाव वरून आहे. आत तारा तं तोच आहे ना? आजोबानं कणगीवर झाकला, आपण छापामागं झाकू. कणगीपेक्षा बरं. रस्त्यावर तं राहीन.”

माधवी उठून भाकरी थापायला गेली. भाकरी थापल्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

देवमननं तारा स्वतः धरला. खुशालरावांच्या भाच्यानं पत्रा ठेवला आणि लाल रंगाचा बोळा फिरवला. रंग ओघळून देवमनच्या बोटांवर आला. तो रंग पेट्यांचा, चार दिवस जात नाही. तारा वर चढला. खुशालराव संत्रा भांडार उजळलं.

आणि गावात एकही तक्रार उरली नाही. पोरं आली, तोंड वर करून वाचलं, आणि ताऱ्याखाली उभं राहून फोटो काढले. “आता छान दिसते, काका,” स्वानंद म्हणाला. जानरावांनी बॅटरी मारून पाहिली आणि समाधानानं विझवली. शेजारच्या बाया म्हणाल्या, खुशालरावांनी मुकादमाच्या दारात केवढा खर्च केला. आमच्या गावाला धर्म कळतो की नाही सांगता येत नाही, पण दुकान लगेच कळतं.

केशरबाईनं मात्र खुराड्यावर पोतं टाकलं. “दुसऱ्यांदा झालं,” ती ललितला म्हणाली. “याले आता उजेडच दाखवू नको.”

त्या चुकीच्या तोडीनंतर रोजच तोड होती, म्हणून ताऱ्यानं पुन्हा घोळ केला नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी खुशालराव चार माणसं घेऊन देवमनच्या दारात आले. ट्रक सकाळी येणार होता.

“देवमन, उद्या तोड. मोठी. ताऱ्याचा दिवा चालूच ठेवजो, टोळी येते.”

“उद्या नाताळ आहे, मालक.”

“तं? आमी दिवाळीले काम नाई करत का?”

“नाई करत,” माधवी दारातून म्हणाली.

खुशालराव हसले. “सून बोलते चांगली. अरे, तारा लागलाच आहे. वेगळा दिवाही लावायचा नाई तुले. तुहा सण, माही तोड, एकाच बल्बात.”

देवमन वर बघत राहिला. त्याच्या आजानं झाकला, बापानं झाकला, पण त्या दोघांनी तारा कधी कामाला लावला नव्हता. आता तो लोकांना नाताळच्या दिवशी संत्री तोडायला बोलावणार होता. देवमननं बांबूपाशी जाऊन गाठ सोडली. दोर हातातून सरसर गेला आणि तारा खाली आला.

“काहून उतरवता, काका?” स्वानंद रस्त्यावरून ओरडला. “नका उतरवू!”

देवमननं छापाचा कागद नखांनी सोलला. पेट्यांचा रंग चिकट, त्याच्यासकट सगळा कागद आला. उरला तो कामट्यांचा सांगाडा आणि आत बल्ब, वायर तुटल्यानं विझलेला.

“ललित,” तो म्हणाला, “फवारणीचा पंप आण.”

ललितला क्षणभर कळलं नाही. मग तो पळत गेला. बॅटरीचा पंप त्यानं बापाच्या पाठीवर बांधला, बल्ब काढून पंपावर चालणारा छोटा लावला आणि वायर पंपाच्या बॅटरीला जोडली. तारा पेटला. बांबूवर नव्हे, देवमनच्या हातात. पंपाच्या टाकीत उरलेलं औषधाचं पाणी बुचातून गळून पाठीवरून कमरेत उतरत होतं. देवमननं पंपाचा पट्टा घट्ट केला, चप्पल घातली आणि रस्त्यावर आला.

“कुठी चालले?” केशरबाईनं विचारलं.

“चौकात.”

तिनं पदर खोचला. माधवीनं गाठोड्यातून ढोलकी काढली. माहेरून आणलेली, आजवर झाकून ठेवलेली. चौघं निघाली. केशरबाईनं गाणं सुरू केलं, पण आयुष्यभर पोटातल्या पोटात म्हणायची सवय. पहिल्या ओळीला फक्त ओठ हलले. दुसऱ्या ओळीला माधवीनं ढोलकीवर थाप मारली आणि केशरबाईचा आवाज असा काही वर गेला की ती स्वतःच दचकली. देवमननं वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यानं बायकोचा तो आवाज भांडणातही ऐकला नव्हता.

चौकात पोरं उठून उभी राहिली. गाड्या आडव्या लागल्या. गाणं थांबलं नाही, पण पावलं थांबली. चौघं आणि समोर बरेच. मधे दाढीच्या साबणाची बाई हसत होती.

आणि मागून टोपल्यांचा आवाज आला.

नाल्यापलीकडं जयवंताबाईनं पाहिलं होतं: दिवा बांबूवरून खाली आला आणि चालायला लागला. असं कधी झालं नव्हतं. पण दिवा चालला तर टोळीनं काय करायचं, यात तिला शंका नव्हती. सारी टोळी आली होती. बाया, माणसं, डोक्यावर टोपल्या, खांद्यावर शिड्या. ती चौघांच्या मागं उभी राहिली.

जानराव बॅटरी घेऊन मधे आले. “हे सारे कोण? खुशालराव, तुमचे मजूर का?”

खुशालराव मागून धापा टाकत आले होते. त्यांनी टोळीकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. हो म्हटलं तर संध्याकाळची मजुरी द्यावी लागली असती, नाही म्हटलं तर काही नाही.

“मी नाई ओळखत यायले,” ते म्हणाले.

कोंबडा घरी पोत्याखाली होता म्हणून ते वाचले.

जानरावांनी झोत देवमनवर आणला. त्यांचा आवाज हळू झाला. “देवमन, सांग ना तोडीले चालले म्हणून. मी तसं लिहितो. कामावर जाणाऱ्याले कोणी अडवत नाई. काय आहे हे तुह्या हातात?”

“तोड नाई, पाटील. आजही नाई, उद्याही नाई.” देवमननं तारा डोक्याच्या वर धरला. “आमचा प्रभू येशू जन्मला, त्याचा तारा आहे हा. आमी ख्रिस्ती आहोत. तुमाले सर्वायले माहीत आहे. आज मी सांगून राहिलो.” मग तो मागं वळला. “जयवंताबाई, तोड नाई. घरी जा.”

“दिवा तं लागला,” जयवंताबाई म्हणाली आणि हलली नाही.

कुठून तरी संत्रं आलं. केशरबाईच्या खांद्यावर फुटलं. दुसरं ताऱ्याला लागलं, एक कामटी मोडली, एक टोक लोंबलं. ललितच्या मुठी वळल्या. देवमननं त्याच्या छातीवर हात आडवा धरला. केशरबाईनं खांद्यावरची साल काढून खाली टाकली आणि पुढची ओळ उचलली. स्वानंद आपल्या पोरांकडं वळला, काहीतरी म्हणाला, कुणाला ऐकू गेलं नाही. आडव्या गाड्यांतली एक गाडी सरकली. एकच. तेवढ्या फटीतून चौघं गेली आणि मागून सारी टोळी, शिड्या तिरप्या करत, एकेक करून. देवळापर्यंत गेली, वळली, परत आली.

सकाळी दारात जानराव उभे. तारा त्यांनी तपासासाठी नेला. तपास कशाचा हे लिहायला त्यांनी नकार दिला, कारण काही घडलंच नव्हतं. मुकादमी भाच्याकडं गेली. देवमन आता शिडीवर चढून तोडतो, जयवंताबाईच्या शेजारच्या झाडाला. गुडघे बोलतात. खाली उतरल्यावर भाचा त्याला फांदी कशी धरायची ते सांगतो. फराळाची ताटं यंदाही गेली. काही रिकामी परत आली, काही झाकलेली तशीच.

ग्रामपंचायतीनं ठराव केला: सार्वजनिक रस्त्यावरून दिसेल असा कोणताही तारा परवानगीशिवाय लावू नये. देवमननं तारा परत मागितला. पंचायत म्हणाली, आम्ही नेलाच नाही. तेव्हा त्यानं माधवीला कागद घ्यायला सांगितलं. तो सांगत होता, ती शाळेत शिकवलेल्या मराठीत लिहीत होती.

“प्रति, मा. तहसीलदार साहेब. अर्जदार देवमन पारधे, धंदा मजुरी, धर्म ख्रिस्ती. विषय: विनापरवानगी ताऱ्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, दररोज दिवस मावळल्यानंतर आमच्या गावाच्या पश्चिमेस, श्री. खुशालराव यांच्या बगीच्याच्या वर आकाशात, एक मोठा पांढरा तारा लागतो. तो सार्वजनिक रस्त्यावरून स्पष्ट दिसतो. त्यास ग्रामपंचायतीची परवानगी असल्याचे आढळून येत नाही. त्याच्यावर कोणत्याही दुकानाचे नाव नाही. त्याच्यामुळे मजूर जमा होतात किंवा कसे, याची पाहणी झालेली नाही.

तरी सदर तारा ठरावाप्रमाणे तात्काळ उतरवून घ्यावा. तसे करणे शक्य नसल्यास, ज्या आदेशान्वये तो लागतो त्या आदेशाची प्रमाणित प्रत अर्जदारास द्यावी, आणि त्याच आदेशात अर्जदाराच्या दारातला तारा समाविष्ट समजण्यात यावा, ही नम्र विनंती.”